तीनशे रुपयांचे भिंग आणि मोसंबीचे पान

पावसाळ्यात पैठण तालुक्यातल्या एखाद्या मोसंबीच्या बागेत शिरा. पाच-दहा मिनिटांत पक्ष्याची विष्ठा पडलेले एखादे कोवळे पान दिसेल. काळपट तपकिरी रंग, मध्ये पांढुरका पट्टा, जराशी ओलसर चमक. आपण ते पाहतो आणि पुढे जातो. मीही कैक वर्षे तसाच पुढे जात होतो. गेल्या ऑगस्टमध्ये एका स्नेह्यांच्या बागेत अशाच एका पानासमोर मोबाइल धरला. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिमट्याने बसणारे एक छोटे भिंग होते, तीनशे-साडेतीनशे रुपयांचे. पडद्यावर ती विष्ठा किंचित पुढे सरकली, थांबली आणि पानाची कड कुरतडू लागली.

ती लिंबाच्या फुलपाखराची अळी होती. हे फुलपाखरू मोहरीहूनही लहान, फिकट पिवळे, गोल अंडे लिंबू, मोसंबी किंवा कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर एकेक करून घालते. अंड्यातून निघालेली अळी वाढीच्या पाच अवस्थांतून जाते. पहिल्या अवस्थांमध्ये ती विष्ठेचे सोंग घेते, कारण विष्ठा खायला कोणता पक्षी येणार? शेवटच्या अवस्थेत मात्र कात टाकून ती एकदम हिरवीगार होते. डिवचले तर डोक्यामागून नारिंगी रंगाचे दुभंगलेले शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. हे सगळे आपल्या परसातल्या कढीपत्त्यावरही चालू असते. दिसत नाही, कारण ते आपल्या डोळ्याच्या क्षमतेच्या अगदी काठावर घडते.

शेतकऱ्याला ही अळी दिसते ती बोटाएवढी झाल्यावर, निम्मी फूट फस्त झाल्यावर. मग फवारणी होते. त्याच फुटीवर मगरीच्या पिल्लासारखी दिसणारी, काळी, अंगावर नारिंगी ठिपके असलेली दुसरी एक अळी हिंडत असते. ती ढालकिड्याची, म्हणजे लेडी बर्ड बीटलची. ती मावा खाते, शेतकऱ्याची मित्र आहे. दिसायला भयानक म्हणून ती आधी मारली जाते. शत्रू कोण आणि मित्र कोण हे न कळता केलेली फवारणी पैसे तर खातेच, पण जीवही घेते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. तेव्हा पानावर बसलेले नेमके काय आहे हे जवळून पाहता येणे ही निव्वळ हौसेची गोष्ट नाही. हौस म्हणून सुरू करायला मात्र काहीच हरकत नाही.

मॅक्रो फोटोग्राफी म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे तीस हजारांपासून लाखापर्यंतची लेन्स येते. व्याख्याही तशीच धाक घालणारी आहे. सहा मिलिमीटरच्या मुंगीची प्रतिमा कॅमेऱ्याच्या सेन्सरवर सहा मिलिमीटरचीच पडली, तर ते खरे मॅक्रो. पण इथे गरिबाच्या बाजूने एक गंमत आहे. महागड्या कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो, तर मोबाइलचा जेमतेम सहा ते दहा. म्हणजे तीच मुंगी मोठ्या सेन्सरचा सहावा भाग व्यापते आणि मोबाइलच्या सेन्सरवर जवळजवळ अख्खी चौकट भरते. मोबाइलची अडचण वेगळी आहे. त्याला फार जवळचे स्पष्ट दिसत नाही. वस्तू सात-आठ सेंटिमीटरच्या आत आली की चित्र धूसर होते.

चाळिशी ओलांडलेल्या माणसाची अडचण हीच असते आणि उपायही तोच आहे. चाळिशीचा चष्मा अधिक एक ते अधिक तीन नंबरचा असतो. दहा पट म्हणून विकले जाणारे भिंग म्हणजे अधिक चाळीस नंबरचा चष्मा. त्याचे नाभीय अंतर अडीच सेंटिमीटर, म्हणजे कीटक भिंगापासून अडीच सेंटिमीटरवर आला की तो स्पष्ट दिसणार. हा हिशेब लक्षात असला की दुकानात फसगत होत नाही. ‘शंभर पट’ असे खोक्यावर छापलेले भिंग शेतात निरुपयोगी, कारण त्यासाठी किड्याला जवळपास चिकटावे लागते आणि किडा काही थांबत नाही. सुरुवातीला दहा पटीचे पुरे. तेही घ्यायचे नसेल तर घड्याळजी डोळ्याला लावतो ते भिंग कॅमेऱ्यापुढे धरून बघा. आणि एक रुपयाही खर्च करायचा नसेल तर पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा आणि तो तुकडा कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आडवा धरा. थेंब स्वतःच्या पृष्ठताणाने गोल होतो आणि भिंगाचे काम करतो. चित्राच्या कडा वेड्यावाकड्या येतील, पण मधला भाग थक्क करतो. थेंब थेट मोबाइलवर ठेवण्याचा सल्ला काही जण देतात. दुरुस्तीचा खर्च भिंगापेक्षा जास्त येतो, एवढेच सांगतो.

पैठणमध्ये बसून हे लिहिताना एक आठवण काढायलाच हवी. सूक्ष्मजीवांचे जग पहिल्यांदा पाहणारा लेव्हेनहूक हा शास्त्रज्ञ नव्हता, हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापड दुकानदार होता. त्या काळी कापडाचा पोत तपासायला, तार मोजायला व्यापारी भिंग वापरत. तिथून त्याला भिंगांचा नाद लागला. मण्याएवढी एकच काच घासून त्याने जी साधने केली, त्यांतून १६७०च्या दशकात त्याने पाण्याच्या थेंबातले जीव पाहिले आणि पुढे दातांवरच्या किटातलेही. म्हणजे सगळे सुरू झाले ते धाग्यापासून. पैठणसारख्या विणकरांच्या गावाला हे सांगायला नको. हेच भिंग एकदा पैठणीच्या पदरावर धरून बघा. हातमागाच्या पैठणीत दोन रंग जिथे भेटतात तिथे आडवे धागे एकमेकांत अडकवलेले दिसतात आणि पदर उलट बाजूनेही जवळपास तसाच असतो. यंत्रमागावरच्या नकलेत उलट बाजूला सुटे, लोंबते धागे दिसतात. खरेदीच्या वेळी भिंग खिशात असेल तर दुकानदार जरा जपून बोलतो, असा अनुभव आहे.

असो. आता प्रत्यक्ष फोटोकडे येऊ, कारण भिंग घेतलेल्या दहापैकी नऊ जणांचे भिंग महिन्याभरात ड्रॉवरमध्ये जाते. त्याचे कारण बहुतेक वेळा प्रकाश हेच असते. अडीच सेंटिमीटरवर मोबाइल नेला की मोबाइलचीच सावली विषयावर पडते. चित्र काळवंडते, कॅमेरा जास्त वेळ उघडा राहतो आणि फोटो हलतो. मोबाइलचा स्वतःचा फ्लॅश तिथे पोचतच नाही, पोचला तर पांढरा डाग पडतो. उपाय घरातच आहेत. थर्माकोलचा पत्त्याएवढा तुकडा किंवा पांढरा कागद विषयाच्या एका बाजूला धरला की दुसऱ्या बाजूचा उजेड परतून सावलीत शिरतो. ऊन कडक असेल तर मध्ये बटर पेपर धरा. त्यातून गाळून आलेला प्रकाश मऊ असतो आणि ढालकिड्याच्या चकचकीत पाठीवर सूर्याचा ठिपका चमकत नाही. ढगाळ दिवस सर्वांत उत्तम, बटर पेपर आभाळानेच धरलेला असतो.

दुसरी अडचण खोलीची. इतक्या जवळून पाहताना स्पष्टतेचा पट्टा जेमतेम एक-दीड मिलिमीटरचा उरतो. कोळ्याचे डोळे स्पष्ट आले तर पाय धूसर, पाय आले तर डोळे गेले. म्हणून कीटकाच्या अंगाची लांबी मोबाइलच्या पडद्याला समांतर येईल असा कोन शोधायचा, म्हणजे तो अख्खा त्या पातळ पट्ट्यात बसतो. समोरून टिपायचा असेल तर डोळे स्पष्ट ठेवायचे, बाकीचे जाऊ द्यायचे. फोकससाठी पडद्यावर बोट मारत बसण्यापेक्षा मोबाइलच केसभर मागे-पुढे करावा आणि त्या दरम्यान ओळीने दहा-वीस फोटो काढावेत. त्यातले एक-दोन निघतात. माझे शंभरातले चार-पाच निघतात आणि मी त्यात समाधानी आहे. मोबाइल धरलेल्या हाताची करंगळी त्याच फांदीला टेकवली तर वाऱ्याने पान हलले तरी मोबाइलही त्याच्याबरोबर हलतो. फारच वारा असेल तर एक काठी रोवून कपड्याच्या चिमट्याने फांदी तिला अडकवता येते.

शेत नाही, बाग नाही, मग फोटो कशाचे काढायचे, असे शहरातले वाचक विचारतील. घरातल्या पाण्याच्या टाकीपासून सुरुवात करा. छत्रपती संभाजीनगरला पाणी येते ते इथल्याच जायकवाडीच्या नाथसागरातून, पण नळाला ते रोज येत नाही. म्हणून घरोघरी टाक्या, ड्रम, हंडे भरून ठेवलेले असतात. त्यातले थोडे पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडासमोर धरा आणि भिंगातून बघा. वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर त्या कशा लटकतात ते पाहा. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी पडलेली अळी हिवतापाच्या ॲनोफिलीस डासाची. डोके खाली, शेपटीकडची श्वासनळी वर, अशी तिरकी लटकलेली अळी क्युलेक्स किंवा एडिसची. श्वासनळी लांब, सडपातळ असेल तर बहुधा क्युलेक्स. आखूड, जाडसर असेल आणि पाणी स्वच्छ साठवणीचे असेल तर एडिस समजा. डेंगी पसरवतो तो हाच.

भिंगाने आणखी एक गोष्ट उमगते. एडिसची अंडी पाण्यात नव्हे, तर पाण्याच्या रेषेच्या जरा वर ड्रमच्या भिंतीला चिकटलेली असतात. काळी, एक मिलिमीटरपेक्षाही लहान, नुसत्या डोळ्यांना काजळीच्या कणांसारखी. कोरडी पडली तरी ती काही महिने तग धरतात आणि पाणी चढले की फुटतात. म्हणून आरोग्य खाते जो आठवड्याचा कोरडा दिवस पाळायला सांगते, त्यात ड्रम नुसता ओतून भागत नाही, आतून घासावा लागतो. घरात मुले असतील तर त्यांना एकदा भिंगातून ही अळी दाखवा, पुढचा ड्रम घासायला तीच आठवण करून देतील.

घराबाहेर पडायचे तर पहाट गाठा. कीटकांचे शरीर हवेइतकेच थंड किंवा गरम असते. नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत नाथसागराच्या काठच्या गवतावर चतुर आणि टाचण्या दवाने भिजून बसलेल्या असतात. ऊन लागेपर्यंत त्यांना उडता येत नाही. दुपारी ज्याच्या मागे धावून दमछाक होते तो चतुर सकाळी सातला चेहऱ्यासमोर मोबाइल येऊ देतो. त्याचा डोळा टिपा. काही चतुरांच्या एका डोळ्यात तीस हजारांच्या आसपास नेत्रिका असतात. चांगल्या फोटोत त्यांची मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी दिसू लागते. टाचणीच्या किंवा प्रार्थना कीटकाच्या डोळ्यात एक काळा ठिपका दिसतो, तो आपण सरकू तसा सरकतो. ते बुबुळ नव्हे. ज्या नेत्रिका नेमक्या आपल्या दिशेने रोखलेल्या असतात, त्या आलेला प्रकाश शोषून घेतात आणि काळ्या दिसतात. म्हणजे त्या क्षणी कोणत्या नेत्रिका आपल्याकडे पाहताहेत तेच आपण पाहत असतो.

जूनमध्ये मृग लागून पहिला दमदार पाऊस झाला की लाल मखमली मृगाचा किडा जमिनीवर येतो. लहानपणी आपण तो काडेपेटीत ठेवला आहे. भिंगातून त्याचे पाय मोजा. आठ भरतात, म्हणजे तो कीटक नाही, कोळ्याचा चुलत भाऊ आहे. पावसाळा सरता सरता रस्त्याकडेच्या गाजर गवतावर फिक्कट पाठीवर तपकिरी रेघोट्यांचे मेक्सिकन भुंगे दिसतात. हे तण खावे म्हणून ते मुद्दाम आपल्या देशात आणून सोडले गेले. आणि काहीच सापडले नाही तर एकदांडीचे फूल आहेच. एक फूल म्हणून आपण जे तोडतो, तो डझनावारी इवल्या फुलांचा गुच्छ असतो.

ज्यांच्याकडे जुना डीएसएलआर आणि त्याच्याबरोबर मिळालेली १८-५५ची लेन्स पडून आहे, त्यांना तर नवे भिंगही नको. लेन्स काढून उलटी लावायची. त्यासाठी काहीशे रुपयांचे रिव्हर्स रिंग नावाचे कडे मिळते. लेन्स दूरचे मोठे जग छोट्या सेन्सरवर उतरवण्यासाठी बनलेली असते. ती उलटी केली की छोटे जग मोठे करून देते. १८ मिलिमीटरला तर प्रतिमा प्रत्यक्षापेक्षा दुप्पट-तिप्पट होते. विषय लेन्सपासून साधारण साडेचार सेंटिमीटरवर धरावा लागतो, फोकस आपोआप होत नाही आणि लेन्सचे नाजूक मागचे तोंड धुळीसमोर उघडे राहते. त्यामुळे शेतात उदारपणे लेन्स बदलत बसू नये. जुनी, छिद्र हाताने लहान-मोठे करता येणारी ५० मिलिमीटरची लेन्स कुणाच्या कपाटात असेल तर ती या कामाला सर्वांत चांगली.

या फोटोंचा शास्त्राला उपयोग होतो का? होतो, पण मर्यादेत. तारीख आणि ठिकाणासह फोटो आय-नॅचरलिस्टसारख्या ॲपवर टाकला तर जाणकार ओळख पटवतात आणि ती नोंद कायमची राहते. फुलपाखरांसाठी कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ हे संकेतस्थळ आहे. ते अशाच छायाचित्रांवर उभे राहिले आहे. मराठवाड्यातून अशा नोंदी सह्याद्रीच्या मानाने फारच कमी जातात. घाटातल्या प्रत्येक बेडकाला छायाचित्रकार भेटतो, इथल्या माळावरच्या कोळ्याला कोणी विचारत नाही. ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या उडी मारणाऱ्या एका कोळ्याचे २०२१ साली शास्त्रीय नामकरण झाले. मुंबईवरच्या २६/११च्या हल्ल्यात कसाबला पकडताना शहीद झालेले तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ त्याला ‘इसियस तुकारामी’ हे नाव मिळाले. शहराच्या इतक्या जवळ कोळ्याची नवी जात निघू शकते. मात्र असे नामकरण फोटोवरून होत नाही. कोळ्याचे सूक्ष्म अवयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात. फोटो फक्त सांगतो, इथे काहीतरी आहे.

सूक्ष्मदर्शकही आता आवाक्याबाहेर नाही. मेरठमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात असलेले मनू प्रकाश यांनी २०१४ साली कागद दुमडून बनणारा फोल्डस्कोप मांडला. सामानाचा खर्च एक डॉलरच्या आत आणि मोठे करण्याची क्षमता सुमारे १४० पट. त्याला मोबाइल जोडून फोटोही काढता येतो. शाळांनी जरूर पाहावा.

आरोग्याच्या पानावर लिहितो आहे तेव्हा चार गोष्टी बजावून ठेवतो. नुकतीच फवारणी झालेल्या बागेत किंवा कपाशीत फोटोसाठी शिरू नका. आधी मालकाला विचारा, परवानगीसाठी आणि फवारणीच्या तारखेसाठीही. गवतात गुडघे टेकण्याआधी काठी आपटा, घोणस आणि फुरसे आपल्याच भागातले आहेत. बूट आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. गाजर गवताने अनेकांच्या कातडीला खाज सुटते, काहींना कायमची ॲलर्जी होते. झुडपी गवतात अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान माइट असतात आणि त्यांच्या चावण्यातून स्क्रब टायफस होऊ शकतो. घरी आल्यावर आंघोळ करा, कपडे धुवायला टाका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर ‘मी गवतात बसलो होतो’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. चावल्या जागी काळी खपली असेल तर तीही दाखवा. वेळेवर ओळखला तर हा आजार साध्या, स्वस्त औषधाने बरा होतो. केसाळ अळीला हात लावू नका. आणि फोटोसाठी कीटक फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करण्याचा उद्योगही नको, पहाट फुकट मिळते.

स्नेह्यांच्या बागेकडे परत येतो. भिंग त्यांच्याकडेच राहिले. उसासाठी ते ट्रायकोकार्ड आणतात. कार्डावर परोपजीवी ट्रायकोग्रामा माशी वाढत असलेली सुमारे वीस हजार अंडी चिकटवलेली असतात. आतली माशी अर्ध्या मिलिमीटरची, त्यामुळे कार्ड ताजे की शिळे हे आजवर दुकानदाराच्या शब्दावर चालत होते. आता ते कार्ड घेण्याआधी मोबाइल लावतात. अंडी काळी आणि अखंड असतील तर माशी आत आहे. बहुतेक अंड्यांना गोल भोक दिसले तर माशा उडून गेल्या आहेत, कार्ड म्हणजे नुसता पुठ्ठा. सप्टेंबरात त्यांनी मोसंबीच्या पानाचा एक फोटो पाठवला. लिंबाच्या फुलपाखराचे ते पिवळे अंडे या वेळी पिवळे नव्हते, काळे पडले होते. कोणी कार्ड न लावताही बागेतली एखादी सूक्ष्म माशी तिथवर पोचली असावी. त्या फांदीवर त्यांनी फवारणी थांबवली आहे, आणि दर दोन दिवसांनी त्याच पानाचा फोटो येतो.